अर्धं राहिलेलं पुस्तक आणि बारवीचा भुंगेरा

मृगाचा पाऊस पडून गेला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या परसबागांत आणि सोसायट्यांच्या जिन्यांतल्या दिव्यांखाली एक पाहुणा दिसू लागतो. अंग बोटाच्या दोन पेरांएवढं, पण मिशा अंगाहून लांब, मागे वळलेल्या, गाठीगाठींच्या. चिमटीत धरला तर मान वरखाली करत ‘चिर्र चिर्र’ असा बारीक आवाज काढतो. हा आवाज तोंडातून येत नाही. मानेमागच्या बारीक रेघांच्या पट्टीवर छातीच्या ढालीची कड घासून तो काढलेला असतो.

‘हा कोण?’ असं विचारलं तर शेजारीपाजारी ‘भुंगेरा’ म्हणून मोकळे होतात. आंब्याची कलमं जोपासणारा ‘भिरूड’ म्हणतो आणि पायातली चप्पल काढतो. कीटकांच्या जाणकाराला फोटो दाखवला तर तो उत्तर न देता उलट विचारतो, ‘कुठल्या झाडावर होता?’ आपण किड्याचं नाव विचारावं आणि समोरच्याने झाडाचं विचारावं, हे पहिल्यांदा जरा चमत्कारिक वाटतं. पण या उलट्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो लंडनच्या संग्रहालयातून सुरू होतो, डेहराडूनच्या पिंजऱ्यांतून जातो आणि अंबरनाथच्या आगपेट्या व उल्हासनगरच्या फर्निचर बाजारापर्यंत येऊन पोचतो.

सुरुवात १९०६ सालापासून करावी लागते. त्या वर्षी लंडनमध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सरकारी ग्रंथमालेत भुंगेऱ्यांवरचा पहिला खंड निघाला आणि त्याचा विषय होता हेच लांब मिशांचे भुंगेरे, म्हणजे सेरॅम्बिसिडी कुळ. लेखक चार्ल्स जोसेफ गहान हा ब्रिटिश म्युझियममधला आयरिश कीटकशास्त्रज्ञ. पुढे १९१३ साली तिथे कीटकांचा वेगळा विभाग झाला तेव्हा त्याचा पहिला प्रमुखही तोच झाला. हिंदुस्थानातून पेट्या भरभरून नमुने त्याच्या टेबलावर यायचे. पाठवणारे बहुतेक सगळे सरकारी नोकर होते. कारवारच्या जंगलात हयात घालवलेला थॉमस बेल, बेळगाव आणि कारवार भागात वनखात्याची नोकरी केलेला हर्बर्ट अँड्र्यूज अशी माणसं दिवसा झाडं मोजत आणि संध्याकाळी किडे टाचत. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीभोवती अशा छांदिष्टांचा मेळाच जमला होता. मीठ आणि जकात खात्यातला एडवर्ड एटकिन हा तिच्या संस्थापकांपैकी एक. कीटकांकडे त्याचा विशेष ओढा होता.

गहानच्या पुस्तकात ओळख पटवण्याची रीत एखाद्या चतुर वकिलाच्या उलटतपासणीसारखी होती. छातीच्या कडेला दाते आहेत की नाहीत? तोंड पुढे झुकलेलं आहे की सरळ खाली वळलेलं? डोळा मिशीच्या मुळाला वेढून चंद्रकोरीसारखा झाला आहे का? एकेका उत्तरासरशी शंभरातले पन्नास उमेदवार बाद होत. पायांची तपासणी तर खास. या कुळातल्या भुंगेऱ्याच्या पावलात सांधे चारच दिसतात. खरे असतात पाच, पण चौथा इतका लहान की तिसऱ्या, दुभंगलेल्या सांध्याच्या खाचेत तो दडलेला असतो. भिंग नसेल तर तो सापडत नाही. म्हणूनच मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोंवर विसंबून नाव सांगायला आजही जाणकार कचरतात.

पण या पुस्तकात एक मोठी गोम होती. कुळाच्या तीन मोठ्या शाखांपैकी एक, लॅमिनी, गहानने पुढच्या खंडासाठी ठेवली. तो पुढचा खंड कधी आलाच नाही. गहान १९३९ साली वारला, ग्रंथमालेत भुंगेऱ्यांच्या इतर कुळांवर खंडामागून खंड निघाले, पण लॅमिनी शाखेची जागा रिकामीच राहिली. आणि नेमक्या याच शाखेत आपल्या बागेतली बहुतेक मंडळी मोडतात. आंब्याचं खोड पोखरणारा बॅटोसेरा, गुलाबाची फांदी कापणारा स्थेनियास, दुधी आणि दोडक्याच्या वेलात शिरणारा ॲपोमेसायना, वड-पिंपळावरचा पांढऱ्या ठिपक्यांचा सडपातळ ओलेनेकॅम्प्टस, द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा सेलोस्टर्ना, ही सगळी लॅमिनी. म्हणजे बदलापूरच्या बागेत किडा सापडावा, ग्रंथालयातून सरकारी ग्रंथ मिळवावा, उलटतपासणी सुरू करावी आणि ‘तोंड सरळ खाली वळलेलं’ असं लॅमिनींचं उत्तर आलं की ग्रंथाने हात वर करावेत!

या किड्यांना नावं नव्हती असं मात्र नाही. नावं फार जुनी आहेत, गहानच्या जन्माच्याही आधीची. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसचा शिष्य योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस याने अठराव्या शतकात आणि नंतरही हिंदुस्थानातले कित्येक किडे युरोपात बसून नावारूपाला आणले. तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश लोकांची वखार होती. तिथले डॉक्टर, मिशनरी आणि अधिकारी किडे गोळा करून कोपनहेगनला धाडत. सेलोस्टर्नाचं नामकरण १७८१ सालचं, स्थेनियास आणि ॲपोमेसायनाचं १७८७ चं, ओलेनेकॅम्प्टसचं १८०१ चं, सगळी फाब्रिसियसची. आंब्याच्या बॅटोसेराला नाव दिलं कार्ल दे गीर या स्वीडनच्या सरदाराने, १७७५ साली. त्याचे लोखंडाचे कारखाने होते आणि फावल्या वेळात तो कीटकांवर जाडजूड ग्रंथ लिहायचा. पानिपत होऊन चौदा वर्षं झाली होती, पुण्यात बारभाईंचं राजकारण रंगलं होतं, तेव्हा कोकणच्या आंबेराईतल्या या किड्याचं लॅटिन नाव स्वीडनमध्ये छापून तयार होतं.

नाव असणं वेगळं आणि ते समोरच्या किड्याला लावता येणं वेगळं. फाब्रिसियसची वर्णनं दोन-तीन ओळींची. त्यावरून दोन सख्खी भावंडं वेगळी काढणं अवघड. विसाव्या शतकात लॅमिनी शाखेचा हा पसारा आवरायला घेतला स्टेफान फॉन ब्रॉयनिंग या ऑस्ट्रियन गृहस्थाने. १८९४ ते १९८३ असं दीर्घ आयुष्य त्याला लाभलं. त्यातला मोठा काळ पॅरिसमध्ये गेला आणि या एका शाखेत त्याने सात हजारांहून अधिक नवी नावं दिली. हा आकडा वाचून आधी थक्क व्हायला होतं आणि मग धडकी भरते. कारण यातली अनेक वर्णनं आखूड, चित्राविना आणि क्वचित एकाच नमुन्यावर बेतलेली आहेत. आवरायला घेतलेल्या माळ्यावर आणखी सात हजार डबे ठेवले गेले, असंच म्हणायला हवं.

मार्ग सापडला तो दुसऱ्याच बाजूने. तिथे किड्याच्या अंगापेक्षा लाकडाला महत्त्व होतं.

ठाणे जिल्ह्याच्या या भागाला लाकडाचा व्यवहार जुनाच. साग, ऐन, खैर ही इथली झाडं. बदलापूरजवळच्या बारवी नदीकाठच्या जंगलातही साग आणि ऐन आहेतच. मुंबई इलाख्यात जंगलांवर देखरेख करायला पहिला अधिकारी नेमला गेला १८४७ साली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचं नाव. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पतिबाग त्याच्याकडे होती. पुढच्या दहा वर्षांतच आगगाडी आली. १८५४ साली रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ साली बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याला. शहर वाढत होतं, रूळ पसरत होते आणि दोघांनाही लाकूड लागत होतं. लाकूड सरकारी मालमत्ता झालं, तसं ते खाणारा किडा सरकारचा चोर ठरला. चोर पकडायचा तर त्याची ओळख हवी.

१९०६ सालीच, म्हणजे गहानचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, डेहराडूनला वन संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या एडवर्ड स्टेबिंगने १९१४ साली जंगलातल्या उपद्रवी भुंगेऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पण खरी मजल मारली ती त्याच्यानंतर आलेल्या सिरिल बीसनने. हा गृहस्थ मोठा वल्ली. ऑक्सफर्डच्या शाळेत तो टी. ई. लॉरेन्सचा, म्हणजे पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेल्या माणसाचा, जिवलग मित्र होता. दोघे मिळून जुन्या चर्चमधल्या पितळी पाट्यांचे ठसे घेत हिंडायचे. एक वाळवंटात गेला, दुसरा डेहराडूनच्या ओंडक्यांत. निवृत्तीनंतर बीसनने चर्चच्या जुन्या घड्याळांवरही पुस्तक लिहिलं आणि घड्याळांच्या अभ्यासकांत त्याला मान मिळाला. लाकडातल्या अळ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणारा माणूस घड्याळांकडे वळावा, यात तसं नवल नाही.

बीसनची रीत साधी आणि चिवट होती. जंगलातून किडलेला ओंडका आणायचा, कोणत्या झाडाचा आहे ते लिहून ठेवायचं, तो जाळीच्या पिंजऱ्यात कोंडायचा आणि वाट पाहायची. कधी वर्ष, कधी दोन, कधी त्याहून जास्त. शेवटी भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो आणि त्याचं झाड नक्की कळतं. १९३९ साली बीसनने भाटिया या सहकाऱ्याबरोबर लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या जीवनक्रमावर प्रबंध छापला. १९४१ साली त्याचा हिंदुस्थानच्या वनकीटकांवरचा जाडजूड ग्रंथ आला. गहानने बाजूला ठेवलेली लॅमिनी शाखाही यात होती, कारण इथे हजेरी घेतली होती झाडांची. सावरीवर कोण, सागावर कोण, बाभळीवर कोण. गावातल्या माणसाला किड्याच्या पावलाचे सांधे मोजता येत नाहीत, पण झाड ओळखता येतं. जाणकारांचा ‘कुठल्या झाडावर होता?’ हा प्रश्न इथून रुजला.

या ओळखीला पैशाची किंमत किती होती, ते मध्य प्रांतात दिसलं. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती. १९२३ ते १९२८ च्या दरम्यान मंडला, बालाघाटकडच्या सालवनांत हॉप्लोसेराम्बिक्स या भुंगेऱ्याची साथ आली आणि लाखो सालवृक्ष वाळले. त्यावर जो इलाज बसवला गेला, तो याच किड्याची खोड हेरून. ताज्या कापलेल्या सालवृक्षाच्या रसाचा वास त्याला वेड लावतो. पावसाच्या तोंडावर एखादं झाड पाडायचं, त्याची साल ठेचून रस वाहू द्यायचा आणि रस प्यायला जमलेले भुंगेरे हाताने वेचायचे. वेचणाऱ्या आदिवासींना भुंगेऱ्यामागे मजुरी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंडला, दिंडोरीत पुन्हा साथ आली, पुन्हा लाखो झाडं गेली, तेव्हाही सरकारने हाच सापळा लावला आणि भुंगेरे मोजून पैसे दिले. या कामावरच्या मजुराला गहानचं पुस्तक लागत नव्हतं. अंधारात, रसाने बरबटलेल्या सालीवर हात फिरवला तरी त्याला आपला किडा कळायचा.

आता परत अंबरनाथला. १९२० च्या दशकात इथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला. भांडवल स्वीडनचं. तिथल्या इवार क्रॉयगर या उद्योगपतीच्या साम्राज्याचा हा एक फाटा. दे गीरच्या देशातून आधी बॅटोसेराचं नाव आलं, दीडशे वर्षांनी आगपेटी आली. सुरुवातीला काड्यांसाठी ॲस्पेनचं लाकूडही परदेशातून यायचं. देशी लाकूड वापरायचा आग्रह धरला गेला तेव्हा सर्वांत पुढे आली सावर, फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारी तीच काटेसावर. लाकूड मऊ, हलकं, पांढरं. ओंडका फिरता ठेवून पात्याने त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा सोलायचा आणि त्याच्या काड्या पाडायच्या. त्यासाठी ओंडका ओला हवा. आणि नेमका ताजा, साल न काढलेला, ओला सावरीचा ओंडका म्हणजे प्लोसिडेरस आणि बॅटोसेरा या भुंगेऱ्यांना पानात वाढलेली मेजवानीच. अळीने एक बोगदा पाडला की पापुद्र्याला दर फेऱ्याला भोक. म्हणून सावरीचं लाकूड तोडल्यावर लवकरात लवकर सोला, नाहीतर साल काढा, तेही जमत नसेल तर पाण्यात बुडवून ठेवा, असा वनशास्त्राचा दंडक. अंबरनाथमध्ये आजही ‘विमको नाका’ आहे. तिथून रिक्षा पकडणाऱ्यांपैकी काडी आणि किडा यांचं हे नातं किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

शेजारच्या उल्हासनगरची कहाणी सुक्या लाकडाची. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे तिथला फर्निचर बाजार मुंबईभर प्रसिद्ध झाला. घरातल्या पलंगातून किंवा दाराच्या चौकटीतून एका पावसाळी रात्री तपकिरी, लांब मिशांचा भुंगेरा बाहेर येतो तेव्हा माणसं दुकानदाराला शिव्या घालतात आणि काही वेळा त्या दुकानदाराचा काहीच दोष नसतो. हा बहुधा स्ट्रोमेशियम बार्बेटम. याचंही नाव फाब्रिसियसचंच, १७७५ चं. हिरव्या झाडाकडे तो ढुंकून पाहत नाही. त्याला हवं वाळलेलं लाकूड, मग ते वखारीत असो, कारखान्यात असो की माणसाच्या शयनगृहात. मादी लाकडाच्या भेगेत अंडी घालते. अळी आत शिरते आणि खाल्लेल्या लाकडाचा भुसा बाहेर न टाकता बोगद्यातच मागे ठासून भरत जाते. त्यामुळे वरून पॉलिश चकचकीत आणि आत पोकळ कारभार! असं कित्येक वर्षं चालू शकतं. तीनशेहून अधिक प्रकारच्या लाकडांवर याची नोंद आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा नाखूश, पण सालीलगतचं पांढरट लाकूड त्याला चालतं. स्वस्तात मिळालेल्या ‘अस्सल सागवानी’ पलंगात हे पांढरट लाकूड किती होतं, याचा निकाल काही वर्षांनी हा भुंगेराच देतो. हा किडा सेरॅम्बिसिनी शाखेतला असल्यामुळे गहानच्या पुस्तकात सापडतो, एवढंच समाधान.

बारवीचं धरण या सगळ्यानंतरचं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि कारखान्यांना पाणी हवं म्हणून महामंडळाने स्वतःच बारवी नदीवर धरण बांधलं. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली, आपोआप उघडणारे दरवाजे बसले, आणखी जंगल आणि गावं पाण्याखाली गेली, विस्थापितांच्या नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजत राहिला. कारखान्यांसाठीच्या या पाण्याभोवती मग शहरंही वाढली. बदलापूरहून बारवीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत फार्महाउसं झाली, बंगल्यांच्या आवारात हापूस-केशरची कलमं, गुलाब, बोगनवेल, जास्वंद लागली. पलीकडे जंगल, अलीकडे बाग. दोन्हींतला भुंगेरा कुंपण मानत नाही.

१९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. आंब्याच्या खोडकिड्याबद्दल कोकणातल्या बागायतदाराला जे सल्ले मिळत आले, त्यांत या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा ओळखायला त्या मानाने सोपा. अंगाने दीड-दोन इंच, राखी-तपकिरी. मानेमागच्या ढालीवर दोन नारिंगी-तांबूस, वाकड्या दाण्यासारखे डाग, ढालीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा, पंखांच्या मुळाशी एक लहानसा पांढरा त्रिकोण आणि त्याच्या आजूबाजूला काळ्या पुळ्यांची खडबडीत पट्टी. मिशीच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक काटे लागतात. मादी सालीला चीर पाडून त्यात अंडं खुपसते. अळी सालीखाली शिरते आणि मग खोडात. वाढता वाढता ती बोटाएवढी, तीन-चार इंच लांब होते. बाहेर दिसतो तो भोकातून पडणारा जाडसर भुसा आणि ओघळलेला चीक. अनुभवी बागायतदार तारेचा आकडा आत घालून अळी ओढून काढतो, रॉकेलमध्ये किंवा औषधात भिजवलेला बोळा भोकात कोंबतो आणि वर माती लिंपतो. ही सारी खटपट भुसा ओला आहे तोवरच उपयोगाची. भुसा सुकला असेल तर आत कोणी उरलेलं नाही आणि उपचार रिकाम्या घरावर चालले आहेत.

स्थेनियास मात्र गुपचूप काम करतो. गुलाबाची किंवा बोगनवेलीची चांगली भरलेली फांदी अचानक सुकते. माळ्याला वाटतं पाणी कमी पडलं, मालकाला वाटतं खत जास्त झालं. फांदीच्या बुडाशी नीट पाहिलं तर सालीपासून आत लाकडापर्यंत गोल, स्वच्छ कापलेली खाच दिसते, कोणी तरी चाकूने वर्तुळ ओढावं तशी. हे रात्रीत केलेलं काम. मरत्या फांदीत मादी अंडी घालते, कारण तिच्या पिल्लांना रसरशीत नव्हे, तर सुकत चाललेलं लाकूड पचतं. भुंगेरा स्वतः करडा, पांढऱ्या-तपकिरी नक्षीचा. दिवसा फांदीला चिकटून बसला की सालीचाच तुकडा वाटतो. तो शोधत बसण्यापेक्षा खाचेच्या खालून फांदी कापून जाळलेली बरी.

झाडावरून किडा ओळखायची ही रीत कधी कधी फसवते, कारण किडेही झाड बदलतात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. इथला प्लोसिडेरस फेरुजिनियस त्याआधी इथल्याच झाडांवर गुजराण करत होता. आज कोकण-गोव्यात तो काजूचा मोठा वैरी आहे. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर जुन्या वनग्रंथांत बाभळीचा किडा म्हणून नोंदलेला. गेल्या काही दशकांत नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत तो खोडकिडा म्हणून पसरला आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला त्याच्या मागे लागावं लागलं. बाभळीच्या यादीत शोधणाऱ्याला तो द्राक्षाच्या मांडवात कसा भेटणार?

त्याहून मोठी उडी जगाने पाहिली ती १९९६ साली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका रहिवाशाला घरासमोरच्या मेपलच्या खोडांना ड्रिलने पाडल्यासारखी गोल भोकं दिसली. पोरांचा उपद्व्याप असेल, असं आधी वाटलं. तो निघाला आशियाई लांब मिशांचा भुंगेरा, चीनहून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून उतरलेला. ओळख पटेपर्यंत तो शेजारपाजारच्या झाडांत पसरला होता आणि मग हजारो झाडं तोडावी लागली. यातून २००२ साली लाकडी वेष्टनांसाठी आंतरराष्ट्रीय नियम झाला. निर्यातीच्या खोक्याचं आणि पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, नाहीतर धुरी द्यायची आणि तसा शिक्का मारायचा. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतून न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या कणसाचं चित्र आणि ‘एचटी’ ही अक्षरं भाजलेली असतात, ती याच नियमाची. पाण्यासाठी बारवीचं धरण ज्या कारखान्यांकरता बांधलं, त्यांच्या मालाला परदेशी बंदरात उतरताना आधी भुंगेऱ्याच्या नावाने दाखला दाखवावा लागतो.

गहानची रिकामी जागा आता काही प्रमाणात भरली आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. महाराष्ट्राच्या प्राणिसंपदेवरचे तिचे खंड २०१२ साली निघाले. पुण्याच्याच मॉडर्न कॉलेजातले डॉ. हेमंत घाटे यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन या भुंगेऱ्यांवर चिकाटीने लिहिलं, तेही पाय, जबडे, जननेंद्रियं यांच्या स्पष्ट छायाचित्रांसह, म्हणजे ब्रॉयनिंगने जे दिलं नाही नेमकं ते. २०१७ साली भारतातल्या सेरॅम्बिसिडी कुळाची समग्र यादी प्रसिद्ध झाली. तीत दीड हजारांहून अधिक जाती आहेत. यादीमुळे नावं एका जागी आली. गहानसारखी पायरीपायरीने नावापर्यंत नेणारी, सगळ्या भारतीय लॅमिनींना पुरी पडणारी उलटतपासणी मात्र अजून एका पुस्तकात मिळत नाही.

म्हणून बारवीकाठच्या बागेत अनोळखी भुंगेरा मिळाला तर फोटो वरून एक, समोरून तोंडाचा एक आणि उलटा करून पोटाचा एक असे हवेत. शेजारी पट्टी ठेवून माप दिसायला हवं. मिशा अंगाच्या दीडपट असल्या तर नर असण्याची शक्यता जास्त, कारण बहुतेक जातींत मादीच्या मिशा आखूड. किडा मेलेला मिळाला तर तो पेटीत कोरडा ठेवावा आणि खाली चिठ्ठी लावावी. जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर बहुधा नुसतं ‘बॉम्बे’ किंवा ‘कानडा’ एवढंच असायचं. झाड कोणतं, महिना कोणता, काही नाही. त्यामुळे शंभर वर्षांनी अभ्यासकाला त्या नमुन्यातून भुंगेऱ्याचं अंग कळतं, पण त्याचा संसार कळत नाही. नव्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, दिव्यावर आला की झाडावर होता, आणि झाडावर असेल तर जिवंत फांदीवर, वाळक्या फांदीवर की तोडलेल्या ओंडक्यावर, इतकं लिहिलेलं असलं की पुण्यातला जाणकार तो प्रश्न विचारायच्या आधीच कामाला लागतो.